सिस्टर, तुम्ही मला ‘सरासरी’ म्हणालात त्याबद्दल

सिस्टर,

नमस्कार. नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाहीये, पण तुमच्याकडचा कोणी पेशंट हे वाचत असेल तर त्याला लगेच कळेल कोणाबद्दल चाललंय. बोलता बोलता चष्मा काढणाऱ्या सिस्टर तिथे एकच आहेत.

खरं तर हे त्याच दिवशी तोंडावर बोलायला हवं होतं, पण माझा आवाज जरा विचित्र व्हायला लागला होता आणि बाहेर चार माणसं नंबर लावून बसली होती, म्हणून मी नुसतं “बरं, येतो” म्हणून उठलो. नंतर दोनदा आलो तेव्हा तुम्ही घाईत. म्हणून आता लिहितोय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय कारण माझ्यासारखे अजून असणार.

बाकीच्यांसाठी आधीपासून सांगतो. मी 112 किलोचा होतो. सेमाग्लुटाइडची (भूक कमी करून वजन उतरवणारं औषध) आठवड्याला एक अशी इंजेक्शनं सुरू केली, 0.25 पासून चढत चढत 2.4 मिलिग्रॅमपर्यंत, आणि चौदा महिन्यांत 93 वर आलो. पट्ट्याला घरीच खिळा आणि हातोडी घेऊन तीन जादा भोकं पाडली होती, ती भोकं पाडताना जो आनंद झालाय तो प्रमोशनला पण झाला नव्हता. जिथे सुरू केलं (तुमच्याकडे नाही, आधी दुसरीकडे) तिथे सुई कुठे टोचायची, मळमळलं तर काय करायचं, सगळं व्यवस्थित सांगितलं. थांबवायचं कसं आणि थांबवल्यावर काय होतं यावर मात्र एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही, खोटं कशाला बोलू. माझ्या डोक्यात एकच, 93 दिसलं की मोहीम फत्ते.

मग बंद केलं. एक तर खर्च झेपेना, आणि दुसरं म्हणजे ऑफिसात “अजून टोचतोयस का रे, आता स्वतःच्या जिवावर कर की” असं ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की हे म्हणजे कॉपी करून पास झाल्यासारखं आहे. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. इंजेक्शनचं एक पेन उरलं ते फ्रिजमध्येच पडून राहिलं.

पहिले तीन आठवडे काही म्हणजे काहीच झालं नाही आणि मी हवेत! बायकोला सांगितलं बघ, शरीराला सवय लागली, उगाच लोक घाबरवतात. तुम्ही नंतर सांगितलंत की हे औषध शरीरात साधारण आठवड्याला निम्मं होत जातं, पार निघून जायला पाचेक आठवडे लागतात. म्हणजे ज्या इच्छाशक्तीच्या मी गप्पा मारत होतो ती शेवटच्या इंजेक्शनची उरलीसुरली शिल्लक होती.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू झालं. आणि गंमत म्हणजे भूक नाही आली आधी. आधी आला तो विचार. ऑफिसात माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा एक पुडा कित्येक महिने पडून होता, पाहुण्यांसाठी ठेवलेला, आणि तो तिथे आहे हे मी अक्षरशः विसरून गेलो होतो. एका मीटिंगमध्ये कोणीतरी स्क्रीनवर काहीतरी दाखवतंय आणि माझ्या डोक्यात एकदम तो पुडा आला. अर्धा उघडलेला आहे, रबर लावलेलं आहे, आत दोन ओळी असतील. मीटिंग संपेपर्यंत मी त्या दोन ओळींचाच विचार करत होतो. पोट भरलेलं होतं बरं का, जेवूनच बसलो होतो. संध्याकाळपर्यंत पुडा रिकामा, आणि त्यातली निम्मी बिस्किटं नरम पडलेली होती, चव सुद्धा नव्हती.

ज्याने हे अनुभवलं नाही त्याला हे समजावून सांगता येत नाही. चौदा महिने डोक्यात शांतता होती, म्हणजे शेजारचा मिक्सर बंद झाल्यावर कळतं ना की अरे इतका वेळ हा चालू होता, तसं. आणि आता तो मिक्सर परत सुरू. रात्री साडेअकराला फ्रिज उघडा ठेवून उभ्याउभ्या खाणं परत सुरू. पट्टा एक भोक मागे, मग दोन, मग तिन्ही. आठ महिन्यांत 93 चे 104. जे लोक “काय मस्त दिसतोयस” म्हणायचे तेच आता “काय रे, परत पोट सुटलं” म्हणायला लागले. एकाने तर सल्ला दिला की जरा तोंडावर ताबा ठेव. बीपी परत वर गेलं, तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर पण. त्या बीपीसाठीच मी तुमच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा आलो आणि आधी इंजेक्शनं घेतली होती हे लपवलं. लाज वाटली, दुसरं काय.

आता तो फोन. एका रविवारी रात्री मी ठरवलं की बास, फ्रिजमधलं ते पेन घेऊन टाकतो. 2.4 चं. घेऊनच टाकणार होतो पण मनात आलं एक्स्पायरीचं विचारावं, म्हणून क्लिनिकच्या इमर्जन्सी नंबरवर लावला, आणि तो नेमका तुम्ही उचललात. मी म्हणालो सिस्टर, एक इंजेक्शन आहे जुनं, चालेल का. तुम्ही तारखेचं काही विचारलंच नाहीत.

“शेवटचं कधी घेतलंत?”
“आठ-एक महिने झाले.”
“टोपण काढलंय?”
“हो.”
“लावा परत.”

सिस्टर, मी खरंच लावलं. समोर बायको उभी होती, ती हसायलाच लागली कारण माझं इतकं कोणी पटकन ऐकत नाही म्हणजे मी कोणाचं ऐकत नाही. मग तुम्ही सांगितलंत की इतक्या मोठ्या गॅपनंतर एकदम वरचा डोस घेतला तर पोट ते सहन करत नाही, उलट्या होऊन होऊन सलाइनवर यायची वेळ येऊ शकते, परत घ्यायचंच ठरलं तर डॉक्टर बहुतेक पहिल्या पायरीपासून चढवत नेतील, आणि ते ठरवायचं त्यांनी, रविवारी रात्री फ्रिजसमोर तुम्ही नाही. उद्या या म्हणालात, पेन घेऊन या.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण तयारीने आलो होतो, म्हणजे बोलणी खायच्या. तुम्ही काट्याकडे बोट दाखवून म्हणालात “उलटे उभे राहा.” मला कळेना. आकड्याकडे पाठ करून उभे राहा, आकडा माझ्या कामाचा आहे, तुमच्या नाही आज. लिहून घेतलात, कागद दुमडलात. इतकी वर्षं दवाखान्यांत काट्यावर चढतोय, आकडा मोठ्याने वाचणारे पाहिलेत, वाचून चक् चक् करणारे पाहिलेत. उलटं उभं राहायला पहिल्यांदाच कोणी सांगितलं.

मग तुम्ही केसपेपर उलटा करून त्या निळ्या बॉलपेनने एक रेघ काढलीत, खाली जाणारी आणि परत वर चढणारी. म्हणालात, हा तुमचा ग्राफ नाहीये, हा स्टेप 1 नावाच्या अभ्यासातला आहे. 68 आठवडे इंजेक्शनं घेतलेले लोक, मग इंजेक्शनं बंद, आणि त्यातल्या 327 जणांकडे पुढे वर्षभर लक्ष ठेवलं, काही औषधवाले, काही नुसत्या खोट्या इंजेक्शनवाले. औषधवाल्यांचं वजन सरासरी 17.3 टक्के उतरलं होतं. बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. बीपी वगैरेतली सुधारणा पण बरीचशी गेली. मग तुम्ही माझे आकडे शेजारी मांडलेत. 112 चे 93, म्हणजे 17 टक्के. आठ महिन्यांत 11 किलो परत.

“तुम्ही अगदी सरासरी आहात हो,” असं म्हणालात.

मी आठ महिने स्वतःला हावरट, नालायक, कमकुवत असं काय काय म्हणून घेतलं होतं, आणि एक बाई मला शांतपणे सांगतायत की तुम्ही सरासरी आहात. सरासरी असल्याचा एवढा आनंद मला शाळेत झाला असता तर आईवडिलांचं आयुष्य सोपं झालं असतं.

तरी मी म्हणालो, पण माझीच चूक आहे ना, ताबा नाही राहिला. त्यावर तुम्ही चष्मा काढलात, डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात “आता तुमचं तोंड मला धड दिसत नाहीये. चूक झाली का माझी? जरा जास्त मन लावून बघू?” आणि चष्मा परत लावून पुढचं बोलायला लागलात, जसं काही झालंच नाही.

पुढचं मी घरी जाऊन लिहून ठेवलंय. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचं हार्मोन सुटतं, आपल्या शरीरातलं ते दोनेक मिनिटांत निम्मं मोडून जातं, औषध म्हणजे त्याचीच नक्कल पण आठवडाभर टिकणारी, म्हणून मेंदूला सतत पोट भरल्याचा निरोप. औषध बंद, निरोप बंद. आणि वजन उतरलेल्या शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, मग भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पुरे म्हणणारं लेप्टिन घटतं. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नुसत्या डाएटने वजन उतरवलेल्या लोकांमध्ये हे मोजलं तर वर्षानंतरही हार्मोन मूळ जागेवर आले नव्हते. म्हणजे इंजेक्शन न घेताही तेच. हे ऐकून मला आमच्या ऑफिसातल्या त्या ताबा ठेव वाल्याची आठवण आली, त्याचं स्वतःचं दर वर्षी जानेवारीत उतरतं आणि जूनपर्यंत परत येतं.

सगळ्यांचं परत येतंच असं नाही हेही तुम्ही लपवलं नाहीत. टिर्झेपटाइड या अशाच दुसऱ्या इंजेक्शनच्या एका अभ्यासात औषध थांबवलेल्यांपैकी शंभरात साधारण 17 जणांनी वर्षभरानंतरही उतरवलेल्या वजनातलं निदान 80 टक्के टिकवलं होतं. मी लगेच विचारलं ते कसं काय. तुम्ही म्हणालात या खुर्चीतून उठा आणि बसा, हात न टेकता, तीस सेकंद.

ही पायांतल्या ताकदीची परीक्षा. 9 वेळा जमलं. वय 46.

तेव्हा कळलं की गेलेल्या 19 किलोत सगळी चरबी नव्हती. या औषधावर उतरलेल्या वजनातला चांगला मोठा वाटा, स्टेप 1 मध्ये ज्यांचं स्कॅनिंग केलं त्यांच्यात जवळपास 40 टक्के, चरबी सोडून बाकीचा असतो, त्यात स्नायू पण आले, आणि वजन परत येतं तेव्हा ते स्नायू आपोआप परत येत नाहीत. मी चौदा महिन्यांत एक दिवस व्यायाम केला नव्हता, गरजच काय, वजन तर उतरतंय! डेन्मार्कमध्ये लिराग्लुटाइडवर (याच जातीचं आणखी एक इंजेक्शन) झालेल्या अभ्यासाचं तुम्ही सांगितलंत, की नुसतं इंजेक्शन घेतलेल्यांचं वजन थांबवल्यानंतरच्या वर्षात जास्त वाढलं आणि सोबत व्यायाम केलेल्यांचं कमी. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात पहिल्या दिवशी तुम्ही ऐकलं नसतं. ते पण खरंच.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी 0.25 पासून परत सुरू केलं, आता 1 वर आहे, तिथेच थांबवून बघतायत. आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो, प्रोटीन मोजून खातो, आणि दर सोमवारी तुम्हाला मेसेज करतो तो किलोचा नाही, खुर्चीचा. काल 16 झाले. वजन 98 आहे असं डॉक्टर म्हणाले, मी अजून उलटाच उभा राहतो.

हे किती वर्षं घ्यावं लागेल असं मी विचारलं तेव्हा तुम्ही गोड बोलून वेळ मारून नेली नाहीत. कदाचित कायम, म्हणालात, आणि कधी थांबवायचं झालंच तर आधी इथे येऊन सांगायचं, मग डॉक्टर ठरवतील कसं थांबवायचं ते आणि आपण लक्ष ठेवू. मला ते उत्तर आवडलं नाही. अजूनही आवडत नाही, खर्चाचं गणित दर महिन्याला डोकं खातं आणि ते तुमच्या हातात नाही हेही कळतं. पण निदान आता पुढे काय आहे ते माहीत आहे.

आणि हो, त्या दिवशी उठताना गडबडीत तुमचं ते निळं बॉलपेन माझ्या खिशात आलं. मी तुम्हाला एक पेन आणून दिलं आणि एक घेऊन गेलो. मंगळवारी येतोय, आणून देतो.

तुमचा,
सोमवारचा खुर्चीवाला पेशंट