घानाच्या सोन्याचा उगम विचारा

संपादक महोदय,

डिसेंबर 2024 मध्ये कोकोचा भाव टनामागे 12,000 डॉलरच्या वर गेला, तेव्हा लहरी पाऊस आणि झाडांवरील विषाणूजन्य रोग यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात कोकोच्या बागाच सोन्यासाठी खोदल्या जात आहेत, याची चर्चा मराठीत फारशी झाली नाही. ती व्हावी म्हणून हे पत्र.

क्येबी हे घानाच्या पूर्व विभागातील शेतीवर जगणारे गाव राजधानी अक्रापासून साधारण 100 किलोमीटरवर आहे. गावाला लागून अटेवा डोंगररांगेचे राखीव जंगल सुरू होते आणि तेथे बिरिम, डेन्सू व आयेन्सू या तीन नद्या उगम पावतात. यांपैकी डेन्सूचे पाणी वेइजा जलाशयातून थेट अक्राच्या नळांना जाते. या डोंगरांच्या सपाट माथ्यांवर बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज, आहे. कोल्हापूर-सिंधुदुर्गातील सडे, म्हणजे जांभ्या दगडाची पठारे, ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सहज समजेल, की माथ्यावरचा हा थर आणि त्यावरचे जंगल काढले तर खालचे झरे टिकत नाहीत. तरीही 2018 मध्ये घाना सरकारने रस्ते-पूल बांधून घेण्यासाठी एका चिनी कंपनीशी 2 अब्ज डॉलरचा करार केला. त्याची परतफेड बॉक्साइटच्या उत्पन्नातून व्हायची होती, आणि पुढच्याच वर्षी अटेवाच्या जंगलात शोधखोदाईसाठी वाटा पाडल्या गेल्या. स्थानिक लोक व पर्यावरण संस्था तेव्हापासून त्याविरुद्ध लढत आहेत.

सोन्याचे संकट याहून जवळचे आहे. बेकायदा खाणकामाला तेथे ‘गालामसे’ म्हणतात. कोकोचे झाड फळाला यायला तीन ते पाच वर्षे लागतात. पुढे फळे कोयत्याने फोडायची, गरासकट बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या, आणि एवढे करून भाव सरकार ठरवील तो. अशा शेतकऱ्यापुढे कोणी जमिनीसाठी एकरकमी पैसे ठेवले, तर त्याला लोभी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. परंतु यंत्राने एकदा खोदले की वरची सुपीक माती तळाला जाते, तळची खडी वर येते, खड्ड्यांत पाणी साचते आणि ती जमीन पुन्हा बाग धरत नाही. सोने धुतल्यानंतरचा गाळ आणि सोने वेगळे करण्यासाठी वापरलेला पारा नदीत उतरतो. बिरिमचे पाणी त्यामुळे चिखलासारखे तपकिरी झाले असून, गाळ इतका वाढतो की ते शुद्ध करणेही कठीण होऊन बसते.

हा प्रश्न आपलाही आहे, कारण भारत घानाच्या सोन्याचा मोठा ग्राहक आहे. लहान खाणींतील सोन्याची खरेदी-निर्यात एका हाती यावी म्हणून घानाने 2025 मध्ये कायद्याने सुवर्ण मंडळ स्थापन केले. ते सोने कोणत्या खाणीतून आले याचा माग ठेवणेही आता या मंडळाच्या कामात मोडते. पण ग्राहक विचारणारच नसेल, तर हा माग कोण काटेकोरपणे ठेवील? आपल्या आयातदारांनी व शुद्धीकरण कारखान्यांनी प्रत्येक खेपेबरोबर खाणीच्या उगमाचा दाखला मागावा, केंद्र सरकारने तो बंधनकारक करावा आणि आपल्या दैनिकाने मुंबईच्या झवेरी बाजारातील व्यापाऱ्यांना याबाबत थेट विचारावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी