हार-तुरे नकोत, बेअरिंग द्या : कोल्हापूर–कन्याकुमारी सायकल मोहिमेसाठी आवाहन

समस्त कोल्हापूरकरांस नमस्कार.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता दसरा चौकातून आमच्या मंडळाच्या सायकली कन्याकुमारीकडे निघतील. अंतर सुमारे तेराशे किलोमीटर. दिवस सोळा, त्यातले दोन विश्रांतीचे. चार टँडेम आहेत, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकली : पुढे डोळस चालक आणि मागे अंध जोडीदार. दोन हँडसायकली, म्हणजे हाताने पॅडल फिरवून चालवायच्या, कमरेखाली संवेदना नसलेल्या दोघांच्या, आणि दोन साध्या सायकली कृत्रिम पाय लावून चालवणाऱ्यांच्या. खाण्या-राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा आहे. तुमचे पैसे तिकडे जाणार नाहीत. ते करवीर, शिरोळ आणि शाहूवाडी तालुक्यांतल्या वीस जणांच्या मापाच्या व्हीलचेअरसाठी आणि गावोगाव फिरून करायच्या दुरुस्तीसाठी आहेत.

‘मापाची’ हा शब्द महत्त्वाचा. शिबिरात मिळणारी खुर्ची बहुधा अठरा इंची बैठकीची, घडीची, अठरा-वीस किलो वजनाची असते. दवाखान्याच्या फरशीवर दुसऱ्याने ढकलायला ती ठीक. अंगाने बारीक माणूस तीत बसला की एका कुशीवर कलतो, भार बसण्याच्या एकाच हाडावर येतो, आणि संवेदना नसल्यामुळे जखम झाल्यावरच घरच्यांना कळते. हातही चाकावर नीट पोचत नाहीत. म्हणून बसल्या स्थितीत कमरेखालची रुंदी मोजून त्यात साधारण दोन सेंटीमीटर मिळवायचे आणि तेवढीच बैठक ठेवायची. पुढची चाके लहान आणि टणक असली तर पाणंदीच्या चिखलात रुततात आणि माणूस तोंडावर येतो. ती मोठी आणि रुंद हवीत. अशी खुर्ची, दाब पसरवणाऱ्या गादीसह, वीस हजारांच्या घरात जाते.

खुर्ची मिळणे हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली, तेव्हापासून या शहराला हे काम माहीत आहे. सरकारी योजनाही आहेत. अडते ते टिकवण्यापाशी. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला की पाण्यात बुडालेली खुर्ची वरून पुसून चकाचक दिसते, पण बेअरिंगमध्ये गाळ गेलेला असतो आणि महिन्या-दोन महिन्यांत चाक कुरकुरत जाम होते. पुढच्या चाकात बहुतेक ठिकाणी ६०८ नंबरचे बेअरिंग असते : आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिलिमीटर. आम्हाला २०० नग हवेत. देताना ‘झेडझेड’ देऊ नका, त्याला पत्र्याचे झाकण असते आणि कडेने पाणी शिरते; रबरी सीलचे ‘टूआरएस’ द्या. मागच्या चाकाचा टायर २४ × १ ३/८ मापाचा, ६० नग. दुकानात ‘चोवीस इंची’ एवढेच सांगितलेत तर पोरांच्या सायकलचा २४ × १.७५ हातात पडेल. तो या रिमवर बसत नाही, कारण त्याचा आतला घेर लहान असतो. टायरच्या कडेला ३७-५४० हा आकडा वाचूनच घ्या.

उद्यमनगर आणि शिरोलीतल्या लेथवाल्यांना वेगळी विनंती. पैसे नकोत, एक पाळी द्या. घासलेल्या ॲक्सलच्या जागी नवीन ॲक्सल आणि पितळी बुश टर्न करून हवेत. नमुने आम्ही आणून देऊ. खुर्चीगणिक माप वेगळे निघते, म्हणून एकाच मापाचे शंभर नग करून ठेवू नका.

आता मोहिमेविषयी. टँडेमवर दोघांचे मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन येते आणि सगळ्यात आधी मागच्या चाकाचे स्पोक तुटतात, तेही बहुधा गिअरच्या बाजूने, हबपाशी जिथे वाक असतो तिथे. म्हणून १३ गेजचे स्पोक, ७०० × ३५ चे बारा टायर आणि तीस ट्यूब लागतील. डाव्या बाजूची, दोघांचे पॅडल जोडणारी साखळी लांब असते. एका पाकिटात भागत नाही, दोन जोडाव्या लागतात. चार टँडेमना राखीव धरून दहा साखळ्या. धर्मपुरी ते सेलम मार्गावरचा तोप्पूरचा उतार मोठा आहे. तिथे रिमला घासणारे ब्रेक धरून ठेवले तर रिम तापून ट्यूब फुटते, त्यामुळे डिस्क ब्रेकचे पॅड आठ जोड हवेत. तुमकूर ते होसूर, म्हणजे बंगळूरचा पट्टा, आम्ही सायकली टेम्पोत घालून पार करणार आहोत. याला कोणी चीटिंग म्हणाले तर म्हणू दे.

खरी भीती मात्र पहिल्याच दिवशीची. हंगाम जोरात असणार. कागल-निपाणीच्या रस्त्याला दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हँडसायकल जमिनीलगत असते, चालकाला दिसतच नाही. तिला पाच फुटी काठीवर झेंडा लावतोय. लाल-पिवळी रिफ्लेक्टर टेप ५० रोल द्या. उरेल ती ट्रॉल्यांना चिकटवू.

हँडसायकलवाल्या दोघांना मणक्याच्या दुखापतीखालच्या भागाला घाम येत नाही, त्यामुळे अंग तापते. पाण्याचे फवारे, दर अर्ध्या तासाला बूड उचलून घेणे आणि सकाळी अकराच्या आत मुक्काम, हे ठरलेले आहे. नेलॅटन कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, १२ व १४ नंबरचे : दोघांना प्रत्येकी दिवसाला पाच धरून सोळा दिवसांचे १६०. मुदत संपत आलेला माल कृपया देऊ नका.

टँडेमसाठी दोन राखीव चालक हवेत. जोर असला म्हणजे झाले असे नाही, तोंड चालले पाहिजे. ‘खड्डा’, ‘गिअर’, ‘सोडतोय’, ‘थांब’ हे आधी बोलायचे, मग करायचे. न सांगता पॅडल थांबवले की मागच्याच्या गुडघ्याला हिसका बसतो. दर रविवारी पहाटे फुलेवाडी ते कळे सराव आहे. निघण्याआधी एकाच जोडीदाराबरोबर किमान दोनशे किलोमीटर झाले पाहिजेत.

बेळगाव, धारवाड, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग इथे कोणाचे पाहुणे असतील, मंगल कार्यालय असेल, तर कळवा. ‘रॅम्प आहे’ एवढ्यावर आमचे भागत नाही. बहुतेक रॅम्प मोटारसायकल चढवायला केलेले असतात. सहा इंचाच्या पायरीला सहा फूट लांबीचा उतार लागतो. संडासाचे दार टेप लावून मोजा : ७५ सेंटीमीटर मोकळे हवे. ६० चे असेल तर खुर्ची बाहेरच राहते.

देणगी चेकने किंवा यूपीआयने, मंडळाच्या खात्यावरच. दोन हजारांवर रोख दिल्यास प्राप्तिकरातली ८०जी ची सवलत मिळत नाही, वस्तूरूप देणगीलाही मिळत नाही, हे आधीच सांगतो. तालमींनी आणि मंडळांनी स्वागताचे फलक, फेटे, हार आणू नयेत. त्याऐवजी शेंगदाण्याचे गुळातले लाडू आणा, फक्त पाक कडक ठेवा. मऊ लाडू पहिल्या दिवशीच पिशवीत एकमेकांना चिकटतात.

सामान संक्रांतीच्या आठ दिवस आधी पोचले पाहिजे. टेम्पोत काय कुठे ठेवायचे ते तेव्हाच ठरते.