आमची कढई पालथी, टपरीच्या माळा जागेवर

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

आम्ही सात बायका, आमचा बचत गट. तालुक्याच्या गावी एका शाळेचं कॅन्टीन आम्ही सहा वर्षं चालवतोय. महिन्यापूर्वी तपासणीला साहेब आले. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, ते बघितलं. तेल किती खराब झालंय ते दाखवणारा मीटर कढईत बुडवला, आकडा आला १४. पंचविसाच्या वर गेला तर तेल फेकायचं असतं, म्हणजे आम्ही पास. मला हायसं वाटलं, तेवढ्यात साहेब म्हणाले, "पण वडा बंद. शाळेत तळलेलं चालत नाही."

मी म्हटलं, आणि गेटबाहेरची टपरी? "आठ दिवसांत उठवतो, ताई."

टपरी तिथेच आहे. उठलो आम्ही. उपमा आणि इडलीवर महिनाभर रेटलं, पण मधल्या सुट्टीत पोरं गेटकडे धावतात. दोघींना घरी बसवावं लागलं. त्यातल्या एकीच्या नवऱ्याला काम नाही. तेलाचा डबा अर्धा पडून आहे, त्याची उधारी अजून फिटलेली नाही.

नियम मला पाठ झालेत, साहेब. शाळेच्या कॅन्टीनमधून चिप्स, नूडल्स, कोल्ड्रिंक हद्दपार करायचा शासन निर्णय २०१७ च्या मे महिन्यातला. केंद्राचा नियम २०२० चा: जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत नाहीत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंतही नाहीत. मी सुतळीला मीटरमीटरवर गाठी मारल्या आणि गेटपासून टपरीपर्यंत धरली. १९ गाठी भरल्या.

तक्रार घेऊन गेले तर एका टेबलावर म्हणाले, टपरी नगरपालिकेची. नगरपालिकेत म्हणाले, खाण्याचं आमच्याकडे येत नाही. तिसरीकडे एक भला माणूस भेटला, त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "ताई, ज्याला खायचं तो खाणारच. प्रत्येकाची आवड."

ही आवड मी रोज बघते. पाकिटांच्या माळा टपरीवाला मुद्दाम खाली सोडतो, दुसरीतल्या पोराच्या नाकासमोर येतील अशा. पाच रुपयांना एक. मी एक पाकीट आणलं, नवऱ्याचा चष्मा लावला, तरी मागची अक्षरं लागेनात. शेवटी मोबाइलवर फोटो काढून मोठा केला, तेव्हा मीठ किती ते कळलं. सात वर्षांच्या पोराने हे वाचून आपली निवड करायची म्हणे!

मोठ्यांचं मला काही म्हणायचं नाही. आमच्या घरात मधुमेह आहे. ह्यांना डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय, तरी लग्नात गेले की जिलेबीच्या ताटाभोवती घोटाळतात. ते पन्नाशीचे आहेत, त्यांचं ते बघतील, त्यासाठी कायदा नको. (मी आहे.) पण देशात दहा की अकरा कोटी मधुमेही झालेत, ते सगळे काय माझा वडा खाऊन?

पाकिटाच्या दर्शनी बाजूला जादा मीठ-साखरेचा इशारा छापायचं तर दळणच चाललंय. २०२२ मध्ये मसुदा आला, त्यात इशारा नाहीच, तारे! चिप्सला तारे, हॉटेलला देतात तसे. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत दिली, मग आणखी तीन. चिलीसारख्या देशाने २०१६ पासून काळे अष्टकोनी शिक्के मारले, कोणाचं आभाळ कोसळलं नाही. आपल्याकडे त्याच २०२५ च्या जूनमध्ये कार्यालयांत खाण्यातल्या तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा असं पत्र निघालं, जुलैत लोकांनी समोशा-जिलेबीवरून बोंब ठोकली आणि सरकारला खुलासे करत बसावं लागलं. दोनच महिन्यांनी बिस्किटं, चॉकलेट, नमकीन यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. कोल्ड्रिंकला ४० टक्के लावला, तेवढं मान्य करते. बाकी पोराच्या तब्येतीची काळजी आणि पाकिटाला सवलत, हे एकाच सरकारला जमतं कसं?

आणि बंदीची मातब्बरी मला सांगू नका. गुटख्याला आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. त्याच टपरीवर मागून बघा. फक्त नाव घ्यायचं नसतं, दोन बोटं दाखवायची.

मीटर कढईत बुडतो, सीलबंद पाकिटात बुडत नाही. कढईवाली बाई समोर उभी असते, तिला दरडावता येतं. पाकीटवाल्याचा वकील दिल्लीत असतो. म्हणून तुमच्या खात्याची सगळी हिंमत आमच्यासारख्यांच्या चुलीपाशी येऊन संपते. रस्त्याचं तसंच, वाळूचं तसंच, हातगाडी उचलायची आणि मॉलचं पार्किंग सोडून द्यायचं, तेही तसंच. मत मागायला मात्र बचत गटाच्याच मेळाव्यात येता, आमच्याच हातचं खाता आणि वर "काय चव आहे ताई" म्हणता.

वडा परत सुरू करू द्या असं मी म्हणत नाही. नियम आहे तर राहू दे. पण मग तो १९ गाठींवरही लागू करा, आणि आम्हाला जे चालतं त्याची एक यादी मराठीत, शिक्क्यानिशी द्या. दर तपासणीला नवा साहेब, नवी यादी, हे परवडत नाही.

सुतळी घडी करून पाकिटात घातली आहे. मोजून बघा.

आपली,
एका बचत गटाची अध्यक्ष
(नाव लिहीत नाही. इडलीचं तरी काम राहू दे.)