चाचा, तुम्ही मोत्याच्या जागी उभे राहिलात

चाचा, सलाम.

वडिलांना जाऊन आज एकवीस दिवस झाले. पाहुणे परतले, घर रिकामं झालं, आणि लिहायला बसलो तर पहिलं तुमचंच नाव मनात आलं. ते इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. नातवाला सांगा, तो वाचून दाखवील. सगळ्यांसमोर लिहितोय ते एवढ्यासाठीच, की आजोबांच्या टांग्यासाठी तुम्ही आमच्या परड्यात काय केलंत ते चार माणसांना कळावं.

आजोबा कोल्हापूर स्टेशनवर टांगा लावायचे. मिरजेहून इथं आगगाडी आली 1891 साली. आजोबांचा काळ त्याच्या बराच नंतरचा, पण गाडी यायच्या वेळेला स्टेशनाबाहेर टांगे उभे असायचे आणि अंबाबाईला आलेली माणसं, बोचकी, पोरंबाळं त्यात बसून गावात शिरायची. वडील लहानपणी पुढं आजोबांना चिकटून बसत. पायघंटी वाजवायचं काम त्यांचं. उतारू मागं पाठीला पाठ लावून बसायचे, त्यामुळं त्यांना मागं सरणारा रस्ता दिसायचा आणि वडिलांना दिसायचे आमच्या घोड्याचे, मोत्याचे कान. कान कुठं वळले यावरून मोत्याच्या मनातलं कळतं, असं वडील शेवटपर्यंत सांगायचे.

आज टांगा म्हटलं की लोकांना चौपाटीवरची हौस आठवते. आमच्या घरात ती भाकरी होती. पहाटे उठून खरारा, मग तोबऱ्यात भिजवलेले हरभरे, मग वंगण. महिना-सव्वा महिन्यानं नाल काढून खूर तासायचं आणि नाल पुन्हा ठोकायचे, कारण खूर नखासारखं वाढतच राहतं. नाल चुकीचा बसला की घोडा लंगडला आणि घोडा लंगडला की चूल थंड. म्हणून आजी नालबंदाला चहा दिल्याशिवाय कधी जाऊ द्यायची नाही. सुतार, लोहार, नालबंद, खोगीर शिवणारा, गवताचा भारा घेऊन येणारी बाई, एका टांग्यामागं एवढी माणसं जगायची. एसटी सुरू झाली 1948 साली, पुढं रिक्षा आल्या, आणि ही सगळी माणसं एकेक करून दिसेनाशी झाली. मोत्या गेल्यावर आजोबांनी दुसरा घोडा घेतला नाही. टांगा परड्यातल्या पत्र्याखाली गेला तो गेलाच.

गेल्या वर्षी वडील अंथरुणाला टेकले आणि एकच मागणं मागत राहिले, टांगा एकदा उभा राहिलेला बघायचाय. मी काय काय केलं ते मला आठवायचं नाही, पण विसरताही येत नाही. जुन्या वस्तू जपायचं काम असलेल्या एका ठिकाणी चार खेपा घातल्या. तिथल्या साहेबांनी फोटोकडं धड बघितलंही नाही. हा काही राजघराण्याचा रथ नव्हे, म्हणाले. एका सजावटवाल्यानं फक्त चाकं मागितली, हॉटेलच्या भिंतीवर टांगायला. एका कारखानदारानं आगाऊ पैसे घेतले आणि फोन उचलायचं बंद केलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस रोज संध्याकाळी मला विचारायचा, "आलं का रे कोण?" मी खोटं बोलत राहिलो, चाचा.

मग तुम्ही आलात. पत्रा बाजूला केलात, धूळ न झटकता चाकाच्या मधल्या तुंब्यावर हात ठेवलात आणि मला विचारलंत, "घोड्याचं नाव काय हुतं?"

इतक्या जणांना भेटलो, हे कुणीही विचारलं नव्हतं.

चाकांचे किती आरे बदललेत, किती दिवस लागले, ते मी इथं लिहीत नाही. चाकावर लोखंडी धाव चढवलीत तो दिवस मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. गोवऱ्यांच्या विस्तवात लाल झालेली लोखंडी कडी तुम्ही आणि नातवानं सांडशीनं उचलून चाकावर बसवलीत, वर पाणी ओतलंत आणि कडी आवळताना आतलं लाकूड करकरलं. आवाज आत पोचला. वडील आतून ओरडले, "धाव बसली!"

पण पत्र लिहितोय ते त्याच्यासाठीही नाही. त्या रविवारी वडिलांना खुर्चीतून बाहेर आणलं. टांगा दोन चाकांचा. घोडा नसला की दांड्या जमिनीला टेकतात आणि बैठक पुढं कलते. मी दांड्यांखाली द्यायला विटा रचून ठेवल्या होत्या. तुम्ही त्या पायानं बाजूला सारल्यात. म्हणालात, "विटंवर ठेवला तर त्यो टांगा न्हवं, बाकडं हुतंय. चढू द्या त्यास्नी, मी हाय की हितं." आणि दोन्ही दांड्यांच्या मधे शिरून त्या उचलून धरल्यात. सत्तरी ओलांडलेला माणूस. आम्ही वडिलांना वर बसवलं, हातात लगामाची वादी दिली. त्यांनी ती बोटांत ज्या पद्धतीनं धरली, ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. जिभेनं टक् केलं आणि म्हणाले, "चल मोत्या."

तुम्ही दोन पावलं चाललात.

मागं वळून बघितलं नाहीत, हसला नाहीत, एक शब्द बोलला नाहीत. दोनच पावलं. परड्यात तेवढीच जागा होती. त्या दोन पावलांत माझे वडील सात वर्षांचे झाले, चाचा. रात्री जेवले. कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

तेव्हापासून माझ्या मनात शाहू महाराजांची ती गोष्ट सारखी येते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातले गंगाराम कांबळे हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढून दिलं, आणि तेवढ्यावर न थांबता स्वतःची घोडागाडी त्या दुकानापुढं उभी करून तिथला चहा घेतला. दुकान काढून देणं मोठंच. पण गाडी थांबवणं मला त्याहून मोठं वाटतं, कारण ते पैशानं होत नाही, स्वतः तिथं असावं लागतं. तुम्हीही नातवाला पुढं करू शकला असता. विटाही चालल्या असत्या.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. "लाकडाचं आणि लोखंडाचं द्या, हाताचं नगं," म्हणालात. मी त्यावर भांडणार नाही.

वडिलांची पेटी काल उघडली. कोऱ्या धोतरात गुंडाळलेला आजोबांचा पितळी बिल्ला निघाला. नंबर झिजून गेलाय, बोट फिरवलं की शेवटचा आकडा तेवढा लागतो. तुम्ही तो हातात घेऊन बघावा असं फार वाटतंय. येत्या रविवारी सकाळी येतो. सोबत पायघंटीही आणतो, तिची स्प्रिंग गेलीय.