नऊ पत्ते आणि वर चार

नागपूर,
14 सप्टेंबर, रात्रीचे साडेबारा

प्रिय मिल्या,

पाकीट पाहून घाबरू नको, कोणी गेलं नाही. फोनच करणार होतो. पण फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी बोलू देत नाहीस, आणि सुनीताच्या कानावर न पडता बोलता येईल अशी आमच्या घरात एकच जागा आहे, गच्ची. तो जिना सध्या मला रामटेकच्या गडाएवढा वाटतो. म्हणून दुकानातल्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून राहिलो. कार्बनचे निळे डाग दिसले तर चालवून घे.

तुझे तीन मेसेज आले होते. तिन्ही वाचले, एकालाही उत्तर दिलं नाही. दोन वर्षं झाली बे. माझ्या या एमएसवर, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांच्या आजारावर, स्टेम सेलच्या इंजेक्शनसाठी तू चार लाख द्यायला निघाला होतास आणि मी तुला 'पुण्याला जाऊन सावकार झाला' म्हटलं. ते शब्द परत घेतो. त्या इंजेक्शनबद्दल जे बोललो ते परत घेत नाही, पण ते पुढे.

घरी सगळे ठीक. सुनीताची शुगर काठावर आहे, ओमच्या दातांना तारा लावल्या, गणू अजून दुकानात आहे आणि अजूनही खर्रा खाऊन सिरीज लॅम्पच्या वायरी तोंडाने सोलतो. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मला परस्पर कळलं, त्याचंही वाईट वाटलं. पिंकी यंदा बारावीला ना? होऊ दे चांगलं.

आता मुद्दा. मी डॉक्टरांशी खोटं बोललो आहे, एकदा नाही, दोनदा. हे जगात फक्त तुलाच सांगू शकतो, कारण पॉलिटेक्निकात इंडक्शन मोटरची लोड टेस्ट आपण दोघांनी मिळून केली होती. दोन रीडिंग खरी, बाकीची सहा कँटीनमध्ये बसून. एफिशियन्सी 104 टक्के आली आणि सर म्हणाले, "थांबा, वीज मंडळाला कळवतो." ती कल्पना तुझी होती. तू काहीही म्हण, तुझीच होती.

सुरुवात मेअखेरच्या नवतपात झाली. मोटर-वायंडिंगचा धंदा तुला माहीत आहे, मार्च ते जून चार महिने कूलरचे, त्यावर वर्ष निघतं. 45 डिग्रीत भर दुपारी एका गच्चीवर डक्ट कूलरचा पंप बसवत होतो, कारण गणू लग्नाला गेला होता. उजवा डोळा, तोच 2014 च्या अटॅकवाला, हळूहळू राखाडी झाला. मग पाय मेणाचे. खाली कसा उतरलो ते त्या घरमालकालाच माहीत. दोन्ही साळे गाडी घेऊन आले, सुनीता रडत, ओम शाळेच्या शर्टात, सगळी वरात धंतोलीत, माझ्या डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी एसीत झोपवलं, मानेवर ओला टॉवेल. तासाभरात डोळा साफ. भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येऊ लागलं.

ते म्हणाले, हा अटॅक नाही. जुन्या जखमेची जागा तापली की अशी वागते, अंगाचं तापमान अर्धा डिग्री चढलं तरी पुरे. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टराने 1890 मध्ये हे लिहून ठेवलंय. मला तर हे आपल्या भाषेतच कळतं. नसेवरचं मायलिनचं आवरण म्हणजे तांब्याच्या तारेवरचं इनॅमल. मोटरीत ते जळालं तर कॉइल शॉर्ट होते, संपलं. नसेचं तसं नाही. तिथे करंट गळत गळत, अडखळत का होईना, पुढे जातो. थंड असेपर्यंत लोड ओढतो, गरम झालं की सोडून देतो. पुन्हा थंड केलं की पुन्हा चालू. गिऱ्हाइक दुकानात आणतं तेव्हा चालते आणि घरी नेली की बंद पडते ती मोटर, अगदी ती.

खरा अटॅक कोणता, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. नवीन काही सुरू झालं किंवा जुनं वाढलं, ते 24 तासांहून जास्त टिकलं, अंगात ताप नाही, लघवीत इन्फेक्शन नाही, आणि मागच्या अटॅकला महिना उलटून गेलेला, तर तो अटॅक. म्हणजे शरीराचेच शिपाई नव्या जागी इनॅमल खरवडायला बसलेत. बाकी ऊन, ताप, जागरण यांनी येतं ते सोंग. त्यांनी लघवीही तपासायला लावली, निघालं नाही काही. मग सहज विचारलं, "कॅप्सूल नियमित चालू आहे ना?" मी म्हटलं, "हो."

नव्हती, मिल्या. 20 एप्रिलपासून बंद होती. दिवसाला दोन घ्यायच्या. घेतली की अर्ध्या तासात चेहरा, कान, छाती लालभडक होते, मुंग्या, आग. डिसेंबरात ते चालतं, स्वेटर वाचतो. एप्रिलात नागपुरात, वार्निशच्या भट्टीशेजारी बसून? दुसरं कारण, तार. तांबं इतकं महागलं होतं की सीझनच्या आधी एकदम माल उचलावा लागला, आणि महिन्याची औषधाची रक्कम त्यात गेली. आधी म्हटलं आठ दिवस. मग आठाचे पंधरा. घरात असलेल्या कॅप्सूलही घेतल्या नाहीत, कारण बंद केल्यावर फार बरं वाटत होतं. तोंड लाल नाही, पोट जळत नाही. या औषधाचं हेच भैताडपण आहे. घेतलं तर त्रास रोज दिसतो, फायदा कधीच दिसत नाही. फायदा म्हणजे जे झालं नाही ते. न झालेली गोष्ट मोजायची कशी?

त्या दिवशीच्या भीतीने मृग लागायच्या आत, 6 जूनला परत सुरू केली. मधले 47 दिवस कोरे. आणि त्या वरातीनंतर जी थट्टा झाली ती वेगळी. धाकटा साळा अजून म्हणतो, "भाऊजी, कूलरवाल्यालाच कूलर लागला." मी हसतो. पण मनात ठरवून टाकलं होतं की आता लवकर कोणाला काही सांगायचं नाही.

आणि मग खरा आला, मारबतीच्या दिवशी. दुकानासमोरून काळ्या मारबतीचा पुतळा गेला, पिवळीचा गेला, पोट्टे बेंबीच्या देठापासून 'घेऊन जा गे मारबत' करून राहिले होते, मीही दोन आरोळ्या ठोकल्या. मागून एक बाई म्हणते, "काका, तुमची चप्पल." बघतो तर उजव्या पायात चप्पलच नाही. पन्नास पावलं मागे, रस्त्यावर पडलेली. पायाला कळलंच नव्हतं. ईडापीडा, रोगराई सगळ्या गावाची गेली, माझी वळून परत आली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही तळवे कापसावर. तिसऱ्या दिवशी बधीरपणा गुडघ्यापर्यंत, मग कंबरेपर्यंत, आणि बरगड्यांभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं. कामाला बसून मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून पायापर्यंत करंट. हसू नको, मी पहिले टेस्टर घेऊन टेबलाची अर्थिंग तपासली. गणूला म्हटलं, कुठेतरी लीक आहे. तो बिचारा लाकडी स्टुलाला टेस्टर लावून बघत होता.

24 तासांचा नियम पाठ होता. ऊन नव्हतं, ताप नव्हता. तरी मी दहाव्या दिवशी गेलो. गणपती बसायचे होते, मग महालक्ष्म्या आल्या, घरात पंधरा-वीस पानं, पुरणपोळी, आंबील, त्यात मी कुठे 'चला धंतोलीला' करू? हे सांगायचं कारण. खरं कारण तो कूलर. पुन्हा सोंग निघालं असतं तर?

सोंग नव्हतं. एमआरआयमध्ये मानेच्या कण्यात नवीन ठिपका, डाय घेऊन चमकणारा. मग मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज एक ग्रॅम सलाइनमधून, पाच दिवस. तोंडात तांब्याची चव आणि डोळ्याला डोळा नाही. त्या पाच रात्रींत अकरा मोटरी भरल्या, आणि एकीचंही वायंडिंग परत आलं नाही. आता बधीरपणा पोटऱ्यांपर्यंत उतरलाय. नऊ दिवस वाया घालवले म्हणून मी स्वतःला खात होतो. त्यावर डॉक्टर म्हणाले की स्टेरॉइडने अटॅक लवकर ओसरतो, पण शेवटी किती भरून येणार हे त्याने फारसं बदलत नाही. तेवढं एक ओझं उतरलं.

दुसरं चढलं. त्यांनी फाइल बघितली आणि विचारलं, "डोस चुकले होते का मधे?" समोर सुनीता बसली होती. मी म्हटलं, "नाही."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, औषध नियमित चालू असताना कण्यात नवीन ठिपका म्हणजे हे औषध पुरत नाही. आता रिटुक्सिमॅबवर जाऊ, साधारण सहा महिन्यांनी सलाइन. ते मूळचं एका कॅन्सरवरचं औषध, पण एमएसमध्ये आपल्याकडे बरंच वापरतात. आधी कावीळ बी तपासायची, लसी घ्यायच्या, कारण मग इन्फेक्शनशी लढायची ताकद कमी होते. माणूस शांत, नीट समजावून सांगतो, घाई करत नाही. आणि त्याच्यासमोर मी कँटीनमधली रीडिंग ठेवून आलो आहे.

बरं, ते 47 दिवस घेतले असते तर ठिपका आला नसता, असंही नाही. नियमित घेणाऱ्यांनाही अटॅक येतातच. कदाचित औषध खरंच कमी पडलं असेल, कदाचित नवीनच लागेल. पण एक मोटर जळून आली आणि गिऱ्हाइक म्हणालं 'कॅपेसिटर नवीन आहे', म्हणून मी तो न तपासता पूर्ण वायंडिंग काढलं, तर गाढव कोण?

आता तुझी ती चार लाखांची गोष्ट. तू पाठवलेली स्टेम सेलची जाहिरात मी भाच्याकडून वाचून घेतली होती, चिडायच्या आधी. आपल्याकडे 2009 पासून औषधाच्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत चढवाव्या लागतात, नेटवर फुकट बघता येते. भाच्याने शोधलं, त्या जाहिरातीतल्या चाचणीचा नंबरच नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचे 2017 चे नियमही सांगतात, असल्या आजारात स्टेम सेल मंजूर चाचणीबाहेर देऊ नये. स्वतःच्या पेशी काढून ठेवून, केमो देऊन, परत सोडतात तो उपचार वेगळा, तो खरा आहे, निवडक पेशंटला मोठ्या ठिकाणी देतात. तू पाठवलेलं ते नव्हतं. हे तेव्हा शांतपणे सांगायला हवं होतं, मी सावकार काढला. ते 2022 चं विषाणूवालं मात्र तू बरोबर पाठवलं होतं, अमेरिकेच्या एक कोटी सैनिकांचं रक्त, त्या एपस्टीन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका 32 पट. भाचा म्हणतो, तो विषाणू बहुतेक सगळ्यांच्या अंगात असतो. म्हणजे तुझ्याही. एकाच ग्लासात उसाचा रस प्यायचो, तुला काऊन नाही झालं बे?

त्याच भाच्याने मला एमएस सोसायटीचा नंबर लावून दिला, 1985 पासून मुंबईत आहे ती. त्यांच्यामार्फत एका बाईंशी बोललो, त्यांनाही हाच आजार. मी तासभर बोललो, त्यांनी एकदाही 'धीर धरा' म्हटलं नाही. वही घालायला सांगितली. कोणत्या दिवशी काय झालं, किती तास टिकलं, ताप होता का, लघवीला जळजळ होती का, उन्हात गेलो होतो का, औषध घेतलं का. मी दुकानातल्या जॉब रजिस्टरमध्येच पानं केली. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी माझं नाव, तक्रारीच्या रकान्यात 'पाय'. आणि हो, तू ज्याच्या मागे लागला होतास तो यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्जही भरला. 2016 च्या अपंगांच्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात एमएस नावानिशी आहे. पॉलिटेक्निकच्या कुठल्या यादीत माझं नाव इतक्या सहज आलं नव्हतं.

तर ती वही भरताना औषधाचा रकाना आला आणि पेन थांबला. एप्रिल-मे मागे जाऊन भरायचे होते. सगळीकडे टिक मारत गेलो, मग पान फाडलं. पुन्हा लिहिलं, 20 एप्रिल ते 5 जून, नाही. खाली सही केली, जॉब कार्डावर करतो तशी.

उरलेल्या कॅप्सूल दुकानात आहेत, 28 गेजच्या रिळाच्या रिकाम्या खोक्यात, वार्निशच्या डब्यामागे. काल शटर ओढून मोजल्या. उन्हाळ्याच्या आधी घेतलेल्या आणि न खाल्लेल्या जेवढ्या, तेवढ्या. नऊ पत्ते आणि वर चार. 47 गुणिले दोन. एवढा जुळणारा हिशेब माझ्या दुकानाने कधी दिला नाही.

गुरुवारी पाच वाजता अपॉइंटमेंट आहे. खोकं घेऊन जाणार. सुनीताला त्याआधी, बुधवारी रात्री सांगतो. तिला कॅप्सूल बंद केल्याचा राग कमी येईल, तिच्या देखत 'नाही' म्हटलं त्याचा जास्त. मी तिला म्हणणार आहे की मिल्याला आधीच सांगून टाकलंय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. तेव्हा तिचा फोन आला तर 'मला माहीत होतं' एवढंच म्हण, पत्र कधी मिळालं ते सांगू नको. तीन दिवसांत पोस्ट पुण्याला पोचतं की नाही, म्हणून उद्या फोटो काढून व्हॉट्सअॅपवरही टाकतो.

दिवाळीला येणार असशील तर चाकणहून ते वायरींवर चढवायचं क्लास एफचं स्लीव्हिंग घेऊन ये, दोन आणि तीन एमएम. इथे मिळतं ते दाबलं की तडकतं. पैसे देईन, सावकार.

तुझा,
रव्या