होकुतोसेईची इंजिनं

सप्पोरो

ती. अण्णाकाकांस,
सा. न. वि. वि.

टोकियोहून इथे येणारी ती रात्रगाडी बंद का पडली, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ‘विमान स्वस्त झालं’ हे उत्तर इथे कुणीही देतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुमची नोकरी इगतपुरीच्या इंजिन शेडमध्ये गेली, म्हणून इंजिनांच्या बाजूनेच सांगतो.

गाडीचं नाव होकुतोसेई, म्हणजे सप्तर्षी. टोकियोतलं उएनो ते सप्पोरो, सुमारे १,२१५ किलोमीटर. १३ मार्च १९८८ ला सेइकान बोगदा उघडला आणि त्याच दिवशी ही गाडी सुरू झाली. तोवर होन्शू आणि होक्कायदो या बेटांमध्ये आओमोरी ते हाकोदाते असा जहाजाचा जवळजवळ चार तासांचा प्रवास होता. सप्टेंबर १९५४ मध्ये तोया मारू जहाज वादळात बुडून अकराशेवर माणसं गेली, तेव्हा बोगद्याच्या मागणीला खरा जोर आला. बोगदा ५३.८५ किलोमीटरचा आहे, त्यातले २३.३ किलोमीटर समुद्रतळाखाली.

उएनोला फलाट डेड-एंडचा, रूळ तिथेच संपतात. त्यामुळे रिकामी गाडी ओकू यार्डातून मागून ढकलत आणायचे. इंजिन मागे, आणि पुढच्या डब्याच्या टोकाला एक माणूस ब्रेकवर हात ठेवून रुळांवर नजर लावून उभा. असं केल्यामुळे सुटताना इंजिन आपोआप पुढच्या टोकाला यायचं.

शेवटच्या वर्षांत गाडी उएनोहून संध्याकाळी ७.०३ ला सुटायची आणि सप्पोरोला सकाळी ११.१५ ला पोचायची. सुरुवातीला ईएफ ८१ इंजिन (२०१० पासून ईएफ ५१०). टोकियोकडे १,५०० व्होल्ट डीसी, कुरोइसो स्टेशनच्या पुढे २०,००० व्होल्ट एसी. दोन्हीवर चालणारं इंजिन असल्याने इगतपुरीसारखी तिथे इंजिनाची अदलाबदल नसे. अदलाबदल आओमोरीला, प्रवासी झोपेत असताना. तिथे गाडीची दिशा उलटायची आणि दुसऱ्या टोकाला ईडी ७९ लागायचं. बोगदा बुलेट ट्रेनच्या मापाने बांधलेला, सिग्नल रुळांशेजारी नाही तर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये. ती यंत्रणा ईडी ७९ मध्ये होती, ईएफ ८१ मध्ये नव्हती. चढ हजारी १२, म्हणजे आपल्या हिशेबाने ८३ ला १ (८३ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर). कसारा घाटाच्या ३७ ला १ पुढे तो किरकोळ वाटेल, पण उतार लांबलचक आणि आतली हवा कायम दमट. म्हणून ईडी ७९ ला रिजनरेटिव्ह ब्रेक दिला होता, म्हणजे उतारावर मोटारीच वीज बनवून वेग रोखायच्या.

सकाळी साडेसहाच्या सुमारास हाकोदाते. पुन्हा दिशा उलटायची. पुढे विजेची सलग वायर नाही, म्हणून दोन डीडी ५१ डिझेल जोडीने, प्रत्येकी २,२०० अश्वशक्तीची. एकाने गाडी ओढली असती, पण वेळ पाळता आली नसती. निळ्या रंगावर सोनेरी पट्टे असलेली ती जोडी लागताना बघायला प्रवासी फलाटावर उतरायचे.

डबे २४ सिरीजचे, वीज टोकाच्या पॉवर कारमधून, म्हणजे जनरेटरच्या डब्यातून. जेवणाचा डबा मात्र जुन्या एक्स्प्रेस विजेच्या गाड्यांमधून काढून बदललेला. त्यामुळे त्याचं छप्पर शेजारच्या डब्यांशी जुळत नसे, लांबूनही ते ओळखू यायचं. रात्रीचं फ्रेंच जेवण आधी आरक्षण करूनच मिळायचं. ती वेळ संपली की डबा सगळ्यांना खुला. अंघोळीचं कार्डही तिथेच मिळायचं. शॉवरची खोली अर्धा तास तुमची, पण गरम पाणी फक्त ६ मिनिटं. साबण लावताना पाणी बंद केलं नाही, तर फेस अंगावर तसाच राहायचा!

आता बंद पडण्याचं. रोजच्या तीन जोड्या (एक जाणारी, एक येणारी अशी जोडी) होत्या, १९९९ मध्ये दोन झाल्या, २००८ मध्ये एक. मोरिओका ते आओमोरी ही जुनी मुख्य लाइन २००२ आणि २०१० मध्ये दोन टप्प्यांत छोट्या स्थानिक कंपन्यांकडे गेली. तेवढ्या पट्ट्याचं भाडं वेगळं द्यावं लागू लागलं, तिकीट महागलं.

पण घाव बसला तो बोगद्यातच. होक्कायदो शिंकान्सेन या बुलेट ट्रेनसाठी तिथलं व्होल्टेज २०,००० वरून २५,००० करायचं ठरलं. सिग्नलही बदलणार, म्हणजे ईडी ७९ बाद. नवी ईएच ८०० इंजिनं बनली, पण ती मालगाड्यांसाठी. एका जोडीकरता स्वतंत्र इंजिनं घ्यायची, तर डबे नि डिझेल इंजिनंही म्हातारी झालेली. त्यात रात्रीचा बोगदा चाचण्यांसाठी आणि देखभालीसाठी हवा होता. रोजची गाडी १३ मार्च २०१५ ला शेवटची सुटली. जादा गाडी म्हणून उन्हाळाभर धावली आणि २३ ऑगस्टला उएनोत कायमची थांबली. २६ मार्च २०१६ ला शिंकान्सेन सुरू झाली.

मला मात्र एक गोष्ट खटकते. २०१६ मध्येच कॅसिओपिया या याच मार्गावरच्या दुसऱ्या रात्रगाडीचे डबे सहलीच्या खास गाडीला लावून ईएच ८०० ने याच बोगद्यातून नेले. म्हणजे गाडी नेणं अशक्य नव्हतं. चार कंपन्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या एका गाडीचा खर्च उचलायला कुणी पुढे आलं नाही, असं माझं मत.

तुम्ही आलात की सनराइजने जाऊ, रोजची रात्रगाडी आता ती एकच उरली आहे. टोकियोहून रात्री ९.५० ला १४ डबे सुटतात, पहाटे ओकायामाला सात-सात होऊन एक ताकामात्सुला, दुसरी इझुमोला जाते. आरक्षण महिनाभर आधी सकाळी १० ला उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांचं झटपट संपतं, तेव्हा तारीख आधी कळवा. जेवणाचा डबा नाही, डबा बरोबर घेऊ. नोबिनोबी नावाची गालिच्यावर आडवं व्हायची जागा सर्वांत स्वस्त, पण गादी नसते. तुमच्या कंबरेचा विचार करून मी सोलो, म्हणजे एकट्याची खोलीच बघतो.

काकूंना नमस्कार.

आपला,
राजू