अण्णांच्या गाडीचं इंजिन एवढ्यात उतरवू नकोस

बर्मिंगहॅम
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो पाहिला. अण्णांच्या अँबॅसिडरखाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर ताटलीएवढा काळा डाग, आणि खाली तुझी ओळ: "मिस्त्री म्हणतोय मागचं ऑइल सील गेलंय, इंजिन उतरवावं लागतंय." उतरवू नकोस लेका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच क्रिकेटवर जातोस.

अगदी हेच वाक्य मार्च महिन्यात मला इथल्या एका गॅरेजवाल्याने ऐकवलं होतं. त्याने गाडी उचलली, टॉर्च मारला, बेलहाउसिंगखालचा, म्हणजे इंजिन नि गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेसारख्या डब्याखालचा, थेंब बोटावर घेतला आणि म्हणाला, मागचं मेन सील (क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाशी तेल अडवणारं). इंजिन बाहेर, बाराशे पौंड. सगळं मिळून पाच मिनिटं. मी मुकाट्याने गाडी घरी आणली. बाराशे पौंड नव्हते म्हणून आणली, हे खरं कारण. अक्कल नंतर सुचली.

माझी निळी एमजीबी तू फोटोत पाहिली आहेसच. १९७० ची जीटी, म्हणजे डोक्यावर पत्रा असलेली. उघड्या गाडीची हौस इथल्या पावसात परवडत नाही. पण तुला हे ठाऊक नसेल की अण्णांची अँबॅसिडर आणि ही बया नात्याने चुलत बहिणी लागतात. दोघींचं इंजिन बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज. मूळ आखणी ऑस्टिनची, लाँगब्रिजची. लाँगब्रिज माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर, आता तिथे दुकानं नि कॉलेज झालंय. अँबॅसिडरमध्ये हे इंजिन १४८९ सीसीचं, माझ्या गाडीत १७९८ चं. पण पिस्टनची खालीवर होण्याची चाल दोन्हीकडे ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. सिलिंडरचं भोक तेवढं मोठं करून त्यांनी स्पोर्ट्स कार बनवली. १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा मला आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या शेडचा वास आला होता. खोटं नाही सांगत.

आणि गळण्याचा विनोदसुद्धा तोच. अण्णा म्हणायचे ना, "गळतंय म्हणजे अजून आत तेल आहे, काळजी नको." इथले म्हातारेही बीअरचा ग्लास खाली न ठेवता हेच सांगतात.

असो. मार्चमध्ये पुठ्ठा घातला तर सकाळी तीन डाग. पुढचा उजवीकडचा डाग सोपा निघाला. फिल्टरच्या डबड्याची जुनी रबर रिंग खाचेतच राहिली होती आणि कुणीतरी नवी तिच्यावर बसवली होती. दाभणाने जुनी काढली, संपलं. मधला डाग ड्रेन नटचा, तांब्याचा वायसर बदलला. मागचा डाग मात्र हटेना. रोज रुपयाएवढा. लांबून आलो की बांगडीएवढा.

इथे माझा जो पोपट झाला तो ऐक. आमच्या गल्लीत एक निवृत्त फिटर आहे, आयुष्यभर याच इंजिनांवर काम केलेला. तो कुंपणापलीकडून म्हणाला, "टॅपेट कव्हर बघ." मी खूश. अण्णांच्या हाताखाली शिकलेला माणूस मी, टॅपेट कव्हर मला कोण शिकवणार? इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण खोललं, कॉर्कचं पॅकिंग बदललं, दोन्ही नट हलक्या हाताने आवळले. गळती जशीच्या तशी. पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं, दुसऱ्या कंपनीचं पॅकिंग आणलं. दोन आठवडे गेले. शेवटी तो फिटर स्वतः आला आणि मी काय खोलतोय ते बघून हसत सुटला. आपण सगळे ज्याला टॅपेट कव्हर म्हणतो, ते यांचं रॉकर कव्हर. यांचं टॅपेट कव्हर म्हणजे ब्लॉकच्या कुशीतली पत्र्याची दोन झाकणं, कार्बोरेटर नि मॅनिफोल्डच्या खाली दडलेली. आपण त्यांना साइड कव्हर म्हणायचो. एक पुढे, एक मागे. मागचं तर फायरवॉलपाशी असं अंधारात की आरसा धरल्याशिवाय दिसत नाही.

म्हणजे आता संशयित दोन: मागचं सील आणि मागचं साइड कव्हर. दोन्हीचं तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून बेलहाउसिंगच्या तळाशी एकाच ठिकाणी ठिबकतं. वर ऑइल प्रेशरच्या गेजला जाणारी नळीही मागेच उजव्या अंगाला जोडलेली, ती पाझरली तरी थेंब तिथेच. आणि चौथा संशयित गिअरबॉक्स. अण्णांनी शिकवल्याप्रमाणे मी थेंब दोन बोटांत चोळला, हुंगला. आठवतंय का, क्राउनचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरांचं) तेल हुंगायला लावायचे? गंधकाचा तो घाण वास आला की इंजिनवर आळ घ्यायचा नाही. इथे ती विद्या फुकट गेली, कारण या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनचंच २०डब्ल्यू५० तेल घालतात. रंग तोच, वास तोच. नाक काय करणार बिचारं?

मग ठरवलं की अंदाज बस झाले. शनिवार मोकळा ठेवला. रॉकेल (इथे पॅराफिन म्हणतात), जुना रंगाचा ब्रश, डिग्रीसर आणि फडक्यांचा ढीग. डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीवर) प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि इंजिन वरपासून खालपर्यंत धुऊन काढलं. पन्नास वर्षांचा काळा थर. खरवडला तर खालून इंजिनाचा मूळ रंग दिसला, तोवर मला वाटत होतं इंजिन काळंच आहे. हे धुणं म्हणजे निम्मं निदान. मळलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे पंचगंगेला पूर आल्यावर नळ कुठे गळतो ते बघण्यासारखं आहे. तुझ्या मिस्त्रीने धुतलं का रे? फोटोवरून तरी वाटत नाही.

धुतल्यावर तेलात जांभळ्या (अतिनील) उजेडात चमकणारा रंग घातला. छोटी बाटली मिळते, ती इंजिनच्या सव्वाचार लिटर तेलात ओतायची, गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवायची आणि अंधारात जांभळा टॉर्च मारायचा. रंग फक्त इंजिनात घातलेला, गिअरबॉक्समध्ये नाही, हे महत्त्वाचं. पुठ्ठ्यावरचा थेंब चमकला तर इंजिनचा, नाही चमकला तर गिअरबॉक्सचा.

रात्री दहाला गॅरेजचा दिवा घालवला. पुठ्ठ्यावरचा थेंब काजव्यासारखा हिरवा. गिअरबॉक्स सुटला. मग बॉनेटखाली गेलो. गेजची नळी कोरडी. आरसा मॅनिफोल्डखाली सरकवला, टॉर्च तिरका धरला, आणि दिसली. मागच्या साइड कव्हरच्या खालच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात, नखाएवढा ओलेपणा. तिथून सुतासारखी एक हिरवी रेघ ब्लॉकवरून खाली आली होती, मागे वळली होती, इंजिनच्या मागच्या पत्र्यामागे गेली होती. गळतीचं तोंड एका ठिकाणी, थेंब दोन वीत लांब. गाडी पळताना पंखा नि वारा तेलाला मागे रेटतात, उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं. म्हणून जिथे ठिबकतं तिथे पाना लावायचा नाही. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत पुढचा ओला ठिपका शोधायचा.

मी तसाच थंडीत उभा राहून एकटाच हसलो. बायको खिडकीतून विचारत होती, काय झालं.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि तुझ्या गाडीला तीच लागू पडेल असं मला वाटतं. साइड कव्हर तर गळतंय, पण का? दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करून, आयडलवर ठेवून, तेल घालायचं झाकण काढलं आणि भोकावर तळवा धरला. माझ्या गाडीत तिथे हलकीशी ओढ जाणवायला हवी. पुढच्या साइड कव्हरवर एक डबी असते, तिच्यातून नळी निघून दोन्ही एसयू कार्बोरेटरांना जाते; इंजिनाच्या पोटातली वाफ कार्बोरेटरने ओढून घ्यायची, ही १९६८ नंतरची व्यवस्था. मला ओढ नाही, उलट फुंकर लागली. फुस्स फुस्स. तळहातावर तेलाचे बारीक तुषार.

आधी धडकी भरली, पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून. कॉम्प्रेशन मोजलं, चारही सिलिंडर दर चौरस इंचाला १५० ते १६० पौंडांच्या मधे. रिंगा ठणठणीत. मग ब्रीदरची, म्हणजे वाफ बाहेर नेणाऱ्या त्याच वाटेची, नळी उपसली. पुढच्या डबीच्या आत तारेची जाळी असते, तेल अडवायला. ती पार बुजलेली. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवली, सकाळी वाटीत डांबरासारखा काला. आणि वरचं झाकण! आधीच्या मालकाने हौसेने चकचकीत क्रोमचं बसवलं होतं. मूळ झाकणाला हवेची वाट आणि आत गाळणी असते, ते ठरावीक मैलांनंतर बदलायचं असतं. हे क्रोमचं मात्र ठार बंद. खालून वाट बुजलेली, वरून बूच. इंजिनच्या पोटात दाब साचला की तो जिथे कमकुवत जागा दिसेल तिथून तेल ढकलणार. आमच्याकडे ते साइड कव्हर होतं. दुसऱ्या कुणाकडे सील असेल.

कव्हर काढायला दुपार गेली. कार्बोरेटर, मधला पत्रा, दोन्ही मॅनिफोल्ड. कव्हर मधल्या एकाच बोल्टवर धरलेलं असतं. कुणीतरी गळती थांबवायला तो बोल्ट जीव खाऊन आवळलेला, त्यामुळे पत्रा मधे खपाटीला जाऊन कडा वर उचललेल्या. काचेवर पालथं ठेवलं तर पोस्टकार्ड खालून आरपार गेलं. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून, लहान हातोडीने कडा हळूहळू बसवल्या. नवं कॉर्क कव्हरला चिकटवलं, ब्लॉकच्या बाजूला नुसता तेलाचा हात. बोल्ट कॉर्क दबेल एवढाच आवळला. अण्णा म्हणायचे तसं, मनगटाने, खांद्याने नाही.

खर्च? पॅकिंग, हवेची वाट असलेलं झाकण, रंगाची बाटली मिळून चाळीस पौंडांच्या आत. आता सहा महिने झाले. पुठ्ठ्यावर आठवड्याला एखादा थेंब येतो, तो मागच्या सीलचाच असावा. येऊ दे. त्याच्यासाठी मी इंजिन उतरवणार नाही.

आता तुझं. तुझ्या मिस्त्रीला एक प्रश्न विचार: मागचं कुठलं सील बदलणार आहेस ते दाखव. माझ्या इंजिनात क्रँक धरणारी पाच मेन बेअरिंग, आणि मागे रबरी ओठाचं खरंखुरं सील आहे. अण्णांच्या १४८९ ला तीन बेअरिंग, आणि मागे रबर नाहीच. क्रँकवर उलटे आटे कापलेले असतात, ते फिरताना तेलाला परत आत ढकलतात, बस्स. बदलायला काही नाही! असले आटे इंजिन बंद असताना थोडं पाझरू देणारच, आणि पोटात दाब असेल तर चालू असतानाही हरतात. म्हणून तुझ्या गाडीला ब्रीदर माझ्यापेक्षा दुप्पट महत्त्वाचा. साइड कव्हरवरून खाली लोंबणारी नळी आठवते? पावसात गाडी शेडमध्ये उभी राहिली चार वर्षं, त्या नळीत कुंभारमाशीने घर केलं नसेल तर मी मिशी उतरवतो.

तेव्हा आधी रॉकेलने इंजिन धू. रंगाची बाटली मी चिन्मयबरोबर पाठवतोय, तो दिवाळीला येतोय. नाही थांबवत तर धुतलेल्या इंजिनावर टाल्कम पावडर उडव, तेलाची वाट तीही दाखवते. पण त्याआधी उद्या सकाळीच नळीत तार घालून बघ. मग इंजिन चांगलं गरम कर, झाकण काढ, तळवा ठेव आणि हाताला काय लागतं ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. अण्णांचा फीलर गेज सापडला का?

तुझा,
नंद्या